मैदानावर मारलेलं पाणी

उदगीरच्या फुटबॉल मैदानावर खाजामियाँची कॉमेंट्री म्हणजे मैदानाच्या भिंतीबाहेरच्यांची सोय होती. एरवी दिवसभर सायकलींचे पंक्चर काढणारा हा माणूस. पण माईक हातात आला की दखनी, मराठी, मधूनच कन्नड असं काही बोलायचा की आंधळ्यालाही चेंडू दिसावा. बिनतिकिटाची पोरंटोरं, पाण्याच्या रांगेत घागरी लावून उभ्या बाया, सगळे भोंग्याकडे कान लावून असायचे. "जिनकू दिखता नै, उनकू दिखाना," एवढंच आपलं काम, असं तो ऐटीत सांगायचा.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला, साहेबलोक वाढले आणि मैदानावर खेळाडूंपेक्षा पाहुणेच जास्त दिसू लागले. चेंडू ऐन गोलच्या तोंडाशी असताना स्पर्धेचे अध्यक्ष विरूपाक्षप्पा आडते चिठ्ठी सरकवायचे: अमक्या साहेबांचं आगमन, तमक्यांचा हार-नारळ देऊन सत्कार. खाजामियाँ वाचायचा. तेवढ्यात गोल होऊन जायचा, अन् भिंतीबाहेर कुणाला पत्ताच नाही! त्याला स्वतःच्या जिभेची किळस यायची. पण माईक गेला तर आपल्याला ओळखतं कोण? म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिला.

त्या दुष्काळी साली फायनलला बडे साहेब येणार होते. बाहेर बाया सकाळपासून टँकरची वाट बघत होत्या. त्यांत खाजामियाँची बायको सुलतानबीही होती. टँकर आला तो मागच्या गेटनं थेट मैदानात, आणि साहेबांच्या कपड्यांवर धुरळा नको म्हणून मातीवर पाणी मारायला लागला.

"सायबाचं नाव घेत ऱ्हावा," विरूपाक्षप्पा म्हणाले. "अन् त्या बायांना सांगा, टँकर वाटंत हाय म्हणून."

 खाजामियाँने माईक ओठांशी धरला.

"माँ-भैनो, टँकर मैदान में आया! अब सेंटरपर है... पाणी मातीत घालून राहिले! गेट खुल्ला है, सामने कोई नै...!"

विरूपाक्षप्पांनी वायर उपटली. तोवर बाया घागरी घेऊन आत घुसल्या होत्या.

संध्याकाळी निरोप आला, पुढल्या वर्षीपासून येऊ नका. सुलतानबीने मैदानातून भरून आणलेल्या घागरीतून तांब्याभर पाणी काढून पुढे ठेवलं. इतक्या वर्षांची ती सगळी बडी नावं चूळ भरून थुंकून टाकावीत, असं त्याला फार वाटलं. त्याने तोंडभर पाणी घेतलं, बायकोकडे पाहिलं, आणि गिळलं.