अंगठाबहाद्दर

मामा गेल्याची बातमी मिरजेहून आली तेव्हा मी विश्रामबागेतल्या ऑफिसात डबा उघडत होते. फोन मामीचा होता. "आगं, मामा न्हाईत आता," एवढंच ती म्हणाली आणि फोन बंद करायचं विसरली… मागे हॉस्पिटलातलं कुणीतरी कुणाला तरी कागदावर सही करायला सांगत होतं, ते मी बराच वेळ ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी, माझं वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, जिथे येतं त्या पानावर मी मामांचा एक फोटो टाकला आणि खाली दोन ओळी लिहिल्या. पाच मिनिटांत त्यावर पहिला बदाम उमटला. बदाम म्हणजे ते लाल हृदय. आमच्याकडे त्याला सगळे बदामच म्हणतात. कुणाचा म्हणून नाव बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. बदाम मामांच्याच खात्यावरून आला होता.

मामांनी जिवंतपणी मला एकदाही बदाम दिला नव्हता. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते कडेगावजवळच्या आमच्या आजोळी परतले. सकाळी उसाला पाणी पाजायचं आणि दुपारी फोनवर कॉमिक वाचायचं, हा त्यांचा दिनक्रम. नाद मीच लावला. भाची काहीतरी काढते म्हणून बघायला लागले आणि बघता बघता देशोदेशींच्या पोरांची वेबकॉमिक्स वाचून त्यांवर लांबलचक मराठी अभिप्राय लिहू लागले. त्याला ते 'रिपोर्ट' म्हणत आणि खाली सही करत 'अंगठाबहाद्दर'. मी म्हटलं, "मामा, तुम्ही चांगले शिकलेले, आणि निरक्षर माणसाचं नाव कशाला?" तर म्हणाले, "आता सगळं जगच अंगठाबहाद्दर हाय की गं. अंगठ्यानंच वाचतंय!"

खरी अंगठाबहाद्दर मामी होती. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. नवं कॉमिक आलं की मामा फोन तिच्या हातात द्यायचे आणि चित्र सोडून तिच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. अंगठा सरसर चालला तर कॉमिक पोकळ. मध्येच थबकला तर मामा पुढे वाकून बघणार, कुठे थबकला, का थबकला. परदेशातल्या कुण्या मुलीचं एक बिनशब्दांचं कॉमिक होतं. त्यात एक बाई लिफ्टमधून नुसती खाली खाली जात असते. मामीनं ते निम्म्यावर टाकून दिलं आणि म्हणाली, "मला न्हाई जायचं आणखी खाली." मामा इतके खूश झाले की त्या लिफ्टवर त्यांनी माझ्या आख्ख्या कॉमिकपेक्षा मोठा रिपोर्ट लिहिला. मला समजावत म्हणाले, "पुस्तकाचं पान उलटावं लागतंय. हितं विहिरीत उतरल्यागत उतरावं लागतंय. आणि दोन चौकटींच्या मधी मोकळी जागा हाय न्हवं, तिथं वाचणारा एकटा असतोय. तिथं तू जाऊन बडबडू नगंस." वेबकॉमिकविषयी याहून शहाणं काही मी आजवर वाचलेलं नाही. तेव्हा मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गेल्या वर्षी मी एक मालिका सुरू केली होती. मिरजेतला एक म्हातारा तंबोरे बनवतो आणि हळूहळू बहिरा होत जातो, अशी गोष्ट. तो पूर्ण बहिरा होतो त्या भागावर मी जीव ओतला होता. त्याला काय वाटतं, काय आठवतं, सगळं लिहून काढलं होतं. त्याखाली मामांचा रिपोर्ट आला, एका ओळीचा: "माणूस ठार बहिरा झाला तरी बाई बोलायच्या थांबंनात." लोक खदाखदा हसले. माझ्या कॉमिकपेक्षा त्या ओळीला जास्त बदाम मिळाले. मला इतका राग आला की शेवटचा भाग तयार असून मी तो टाकलाच नाही. लोक विचारत, मी 'लवकरच' म्हणून सांगे. खरं कारण एकच होतं… मामांना शेवट वाचायला मिळू नये. इतकं कोतं मन झालं होतं माझं. महिन्याभरानं मामांच्या छातीत दुखू लागलं, त्यांना मिरजेला हलवलं. तिथून त्यांचा निरोप आला, "म्हाताऱ्याचं फुडं काय झालं?" मी लिहिलं, "तुम्हाला सगळं कळतं ना, मग तुम्हीच ठरवा." भेटायला रविवारी जाणार होते. मामा शुक्रवारी गेले.

तेराव्याला आजोळी गेले. माणसं पांगल्यावर मामीजवळ बसले. मामांचा फोन तिच्या कनवटीला होता. मी भीत भीत त्या बदामाचं विचारलं. तिला काही कळेचना. मग तिनं फोन काढून मी टाकलेला मामांचा तोच फोटो लावला आणि त्यांच्या गालावर अंगठा हळूच दोनदा टेकवला. "हे एवढंच करती मी," ती म्हणाली. "सारखं करती. काय बिघडलं का गं त्यात?" चित्रावर दोनदा बोट टेकवलं की बदाम उमटतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

रडता रडता बोलून गेले, "मामी, माझ्यामुळं मामांना शेवट कळलाच नाही गं."

"कोण म्हणतंय? कळला की." मामी डोक्यावरून हात फिरवत होती. "दवाखान्यात मला सगळा सांगिटला त्येंनी. पोरीनं आधी मलाच सांगिटलाय म्हणालं."

मी उठून बसले. "काय सांगितला?"

"म्हातारा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हनवटी टेकतोय, डोळं मिटतोय आन तार छेडतोय. कानाला काय न्हाई. पर हाडातनं समदं ऐकू येतंय त्येला." तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवलं. "लय ग्वाड सांगिटलं त्येंनी. तसंच काढलंयस न्हवं?"

मी काढला होता तो शेवट निराळा होता. त्यात म्हातारा दुकानाला कुलूप लावून निघून जातो आणि तीन चौकटीभर बोलतो.

"हो मामी," मी म्हटलं. "अगदी तसंच."

आता तसंच काढणं भाग आहे. परत आल्यावर जुना भाग पुसून टाकला आणि नव्याने सुरुवात केली. शब्द एकही नाही. वर मोठी मोकळी जागा सोडली आहे, तीही जमली आहे. अडलंय ते म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापाशी. वर्षभर काढलेला माझाच म्हातारा, त्याचं टक्कल, त्याच्या भुवया मला पाठ आहेत. पण तंबोऱ्यावर हनुवटी टेकवून त्याचे डोळे मिटले रे मिटले की तो मामा होतो. पुसते, पुन्हा काढते, पुन्हा मामा… पहिले काही दिवस भीती वाटायची. आज दुपारी पुसायला घेतलं आणि हात थांबला. त्यांना काहीतरी ऐकू येत असल्यासारखं वाटलं.