फक्त चुका

प्रोग्रामचा कुठला भाग काय करतोय, हे सांगणाऱ्या ओळी पडद्यावर उमटत राहतात. त्याला आम्ही लॉग म्हणतो. ओळींची फारच गर्दी झाली म्हणून काल मी पेरेंट क्लासमध्ये, म्हणजे बाकीचे भाग ज्याच्यावरून बनतात त्या मूळ भागात, ‘फक्त चुका दाखव’ असं लिहून टाकलं. आज पाहते तर त्याच्यापासून बनवलेले सगळे चाइल्ड क्लासही गप्प. कामं चोख चालली होती, पण ओळ एकाचीही नाही.

शेजारच्या टेबलावरची मीनल डोकावून म्हणाली, “अगं, पेरेंटलाच गप्प बसवलंस, मग पोरं कुठून बोलणार? त्यांना वेगळं सांगावं लागतं.”

मी प्रत्येक चाइल्ड क्लासमध्ये एकेक ओळ घातली आणि पडदा पुन्हा बोलता झाला. मी मात्र त्याच्याकडे नुसती बघत राहिले. आमचे बाबाही काही चुकलं तरच बोलायचे. बाकी सगळं ठीक आहे, हे त्यांच्या गप्प असण्यावरून ओळखायचं. मला वेगळं असं कुणी सांगितलंच नाही.

संध्याकाळी घरी आले, तर लेकीनं न सांगता वाळलेले कपडे घड्या करून ठेवले होते. अगदी कडेला कड जुळवून. वरच्या घडीवरून हात फिरवला. मी हाक मारली, “सई!”

ती धावत आली आणि दारातच थबकली.

“काय चुकलं, आई?”