मापबाई आणि माझ्या नवऱ्याचा हात

माझी नणंद दिवसभर लोकांचे हात हातात घेऊन बसते, पण त्या हातांवर काय उपचार झाले हे तिला माहीत नसतं. माहीत नसणं हीच तिची नोकरी. नवीन लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला हसू आवरेना. अज्ञानात राहायचा पगार मिळतो हे मला ठाऊक असतं, तर मीही अर्ज केला असता.

ती मोठ्या इस्पितळाच्या संशोधन विभागात आहे. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या असतात ना तळहातात, त्या काचेने किंवा पत्र्याने तुटल्या की सर्जन शिवून देतात. शिवल्यावर बोटं लगेच हळूहळू हलवायला लागायचं, की काही आठवडे अगदी गप्प ठेवायची, यावरून डॉक्टरांत दोन तट. तिथले प्रोफेसर म्हणाले, वाद घालत बसण्यापेक्षा बघूनच घेऊ. तेव्हापासून जो रोगी तयार होईल त्याला कॉम्प्युटर दोनपैकी एका गटात टाकतो, आणि बऱ्याच दिवसांनी तो रोगी हात मोजून घ्यायला माझ्या नणंदेसमोर येतो. तो कोणत्या गटातला हे तिला कळता कामा नये. कळलं की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ठरलेलं.

रोगी तिला मापबाई म्हणतात. जिन्याशेजारची अरुंद खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, बोट किती वाकतं ते बघायचा कोनमापक आणि पकड मोजायचं एक यंत्र. "दाबा. अजून दाबा. सोडा." प्रत्येकाला हेच शब्द, याच आवाजात. शाबास नाही की अरेरे नाही. बाकी गप्पांना तोटा नसतो; कोणाची सून कशी आहे, कोणाची कुंडी का सुकली, सगळं तिला माहीत. पण एखाद्याने बोलता बोलता "माझं तर दुसऱ्याच दिवशी बोट हलवायला लावलं" असं म्हटलं, की ती उठते, आणि त्याला मोजायला दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवते. रोग्याला वाटतं बाई रागावल्या. अंगठी ती घालत नाही, आणि हात हातात घेण्याआधी स्वतःचे तळवे चोळून ऊन करते. एवढी माया तिच्या नियमात बसते.

माझा नवरा तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा याचे केस विंचरण्यापासून याला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. आता पठ्ठ्याच्या मिशा पिकल्यात, तरी ती त्याला छोट्याच म्हणते. त्याचं काचेचं आणि फ्रेमांचं दुकान आहे. काच निसटली की हात मागे घ्यायचा, हे त्या धंद्यातलं पहिलं अक्षर. पण त्या दिवशी निसटला तो कोणा म्हातारीचा जुना आरसा होता, आणि या शहाण्याने तो झेलला. आरसा वाचला. तळहात उभा चिरला.

इस्पितळात दोऱ्या शिवल्या. संशोधनात येता का असं विचारलं, तर याने डाव्या हाताने, कोंबडीने पाय उमटवावा तशी सही ठोकली. ताईचं काम आहे म्हणे. कॉम्प्युटरने त्याला गप्प ठेवायच्या गटात टाकलं. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत स्प्लिंट बसलं.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. तिने प्रोफेसरांशी बोलून ठरवलं होतं की छोट्याचा हात दुसरी बाई मोजेल. आणि स्प्लिंट निघेपर्यंत ती आमच्याकडे येणार नव्हती. मी म्हटलं, हात तुम्ही मोजणार नाही ना, मग यायला काय झालं? ती म्हणाली, छोट्या कोणत्या गटात आहे हे एकदा समजलं की मला तोच गट जिंकायला हवा होईल, मग पुढचा एकही हात मी सरळ मोजणार नाही. दोन्ही गटांची स्प्लिंटं वेगळी, बघितलं की लगेच कळतं. आणि शिवाय, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

ते खरं आहे. पण खरं नणंदेच्या तोंडून ऐकायला कोणाला आवडतं?

रोज तिचा फोन यायचा. जेवलास का, झोप लागते का, दुकान कोण बघतंय. हाताबद्दल चकार शब्द नाही. हा आपला खुशीत उत्तरं द्यायचा आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. सख्ख्या बहिणीचं काळीज असं कसं, हे मला कळत नव्हतं.

स्प्लिंट निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. व्यायाम सुरू झाले. पहिलं बोट वळायला लागलं, पण मधली दोन तळव्याच्या वाटेतच अडायची. इस्पितळाच्या बाकावर याच्याच आगेमागे हात कापलेला एक पत्रेवाला भेटला. त्याने आम्हाला मूठ वळून दाखवली, घट्ट. माझ्या नवऱ्याने मनापासून त्याचं अभिनंदन केलं. मी भिंतीकडे बघत बसले. मूठ नाही तर मोठी काच नाही, आणि मोठी काच नाही तर हा माणूस अर्धा, हे मला दिसत होतं. हा हात सुटेल का, एवढंच कोणाला तरी विचारायचं होतं. डॉक्टर म्हणत, बघू. सरळ सांगेल अशी एकच बाई मला ठाऊक होती, आणि तिच्यापाशीच तोंड उघडायची सोय नव्हती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती आली. तळवे चोळले, त्याचा हात घेतला, एकेक बोट वाकवून पाहिलं. चेहरा कोरा. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं: गप्प ठेवला म्हणून असा झाला, तुमच्या त्या कॉम्प्युटरने. नवऱ्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी वाक्य गिळलं आणि चहा टाकायला उठले. आयुष्यात एवढी गप्प मी कधी राहिले नव्हते. तिने चहा घेतला, कुंड्यांचं बोलली आणि गेली. त्या दिवशी मला ती अजिबात आवडली नाही.

संशोधन संपायला त्यानंतरही खूप काळ गेला. तोवर नवऱ्याने अंगठा आणि पहिल्या बोटात कटर धरून लहान फ्रेमांची काच कापायचं जमवलं होतं. मोठ्या काचांचं गिऱ्हाईक आलं की तो दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचा, हसत. ते हसणं मला ओळखू यायचं.

एका दुपारी नणंद इस्पितळातून थेट दुकानात आली. मी गल्ल्यावर होते. एक गिऱ्हाईक फ्रेम निवडत उभं होतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली की आज प्रोफेसरांनी गट उघड केले. लवकर हलवलेले हात जास्त चांगले वळले, फरक बराच आहे, आता इथे सगळ्यांना लवकरच हलवायला लावणार. हे तिने मोजायच्याच आवाजात सांगितलं. मग भावाकडे बघून विचारलं, "तू कुठल्या गटात होतास?"

"गप्प ठेवायच्या," तो म्हणाला.

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. तोच पुढे म्हणाला, "कोणीतरी त्या गटात हवंच होतं ना, ताई. नाहीतर कळलं कसं असतं?"

"हवं होतं," ती म्हणाली. "हवंच होतं. पण तू कशाला रे, छोट्या?"

आणि त्याचा तो न मिटणारा हात दोन्ही हातांत धरून ती रडायला लागली. मी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.