पायरीवरच्या चपला

चूक माझीच होती. नव्या चामड्याचा वास आला की ती आठवते. नाशिकच्या हॉटेलातून मी आईला पायीच शहर दाखवायला निघालो होतो. रामकुंडाशी तिचे गुडघे दुखू लागले. "माझ्या नव्या बुटांपाशी बस, पाच मिनिटांत आलो," म्हणून मी अनवाणी देवळं बघत तासभर भटकलो. परतलो तर पायरीवर फक्त तिच्या चपला आणि पुढे गढूळ पाणी. हाका मारत धावलो. ती वर सावलीत, माझे बूट पदरात धरून बसलेली. "ऊन लागलं रे. खुणेला चपला ठेवल्या, त्या कोण नेतंय?" मी सगळ्यांदेखत तिच्यावरच ओरडलो. काल तिच्या सुजलेल्या पायांत चपला चढवताना म्हणालो, "आई, तेव्हा नाशिकला तुला बुटांपाशी बसवून गेलो, वर ओरडलो. चुकलो गं."