कर्जासोबत आलेलं मशीन

ठाण्यात वर्तकनगरहून गाडी निघाली आणि पहिली शंका तिथेच आली. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, कडेला विकासाचे फलक. फलकांवरचे चेहरे हसत होते. खाली वाहनं तसूभर हलत नव्हती. मी मिरजेची. एवढं हसून कोणी काही फुकट देत नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक.

गाडी माझ्या मामेभावाची, सुधीरदादाची; चालवतही तोच होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याचा लेथचा लहानसा कारखाना आहे. नव्या रेल्वेचे सुटे भाग देशातच बनवायचे, असं सरकारी धोरण. पैसा एका बड्या परदेशाच्या कर्जाचा. त्या देशाचे साहेब आज दादाच्या पोलादी पिना तपासणार होते. काम मिळालं नाही, तर कारखाना बंद.

शिळफाट्याला तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) खाल्ली. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "बसा ताई, घाई कसली? इथे रोज कोणीतरी मोजायला येतं. जमीन काय पळून जाते?"

कारखान्यात पाऊल टाकलं आणि दादा मटकन स्टुलावर बसला. आदल्या संध्याकाळी त्याने नमुन्याच्या पिना लेथवर मांडून पूजा केली होती, नारळाचं पाणीही शिंपडलं होतं. चकचकीत पोलादावर आता तांबूस डाग उठले होते.

"अरे, पाणी कशाला शिंपडलंस?"

"शुभ कामाला नारळ नको?" तो रडवेला झाला होता.

साहेब आले. त्यांनी डागावरून बोट फिरवलं आणि सोबतच्या दुभाषीबाईंना काहीतरी सांगितलं.

"साहेब म्हणतात, चालेल," बाई म्हणाल्या. "फक्त पोलाद त्यांच्याकडचं घ्यायचं. मशीनही त्यांचंच. कर्जाची अट आहे तशी."

गंजका माल कोणी इतक्या सहज पास करतं? त्यांना पिना नकोच होत्या, गिऱ्हाईक हवं होतं, अशी माझी खात्रीच झाली. दादाने मात्र तत्काळ होकार दिला आणि कामगारांसाठी पेढे मागवले. मी पेढा घेतला, पण तो गोड लागेना.

कल्याण स्टेशनवर सोडायला आला, तेव्हा मला राहवलं नाही. "पोलाद त्यांचं, मशीन त्यांचं. यात आपलं काय रे दादा?"

"शेड आपली. पोरं आपली."

"आणि नाही म्हणाला असतास तर?"

"तर पुढच्या खेपेला त्या जागेवर तुला टॉवर दिसला असता. बिल्डर दोनदा येऊन गेलाय, अगं."

मिरजेला परतले, तरी माझा संशय तसूभर कमी झालेला नाही. काल दादाचा फोन आला, मशीन उतरलं म्हणून. मागे कामगारांचा गलका चालला होता. चार खोचक प्रश्न मी तयार ठेवले होते, तोंडून निघालं ते एवढंच, "अभिनंदन रे!"