नसाम्बू आणि क्रोशाची झाकणं

पाहुण्याला घरात घेऊन त्याच्या तोंडावर चादर टाकतं का हो कुणी? नसाम्बूनं त्या सोमवारी शाळेत हाच सवाल केला, तोही ओरडून. समोर पंधरा कॉम्प्युटर, पडदे तेवढे उघडे. खालचे डबे मात्र जाड, पांढऱ्या क्रोशाच्या झाकणांत गुरफटलेले. दोन तापून बंद पडले होते, तिसऱ्याला जळका वास येत होता.

नसाम्बू आठवी शिकलेली. बुंगोमा गावच्या बाजारात रेडिओ उघडून हात बसला, मग शहरानं टाकलेले कॉम्प्युटर उघडले. कुणी शिकवलं नाही, हे ती चारदा ऐकवते. हे पंधरा तिनंच एका संस्थेच्या दारात महिनाभर ठाण मांडून मिळवले होते. अट एकच: शुक्रवारी माणसं येतील, मुलं स्वतः काम करताना दिसली नाहीत तर यंत्रं दुसऱ्या शाळेला जातील.

झाकणं विणली होती नांगिला आजीनं, पालक समितीच्या प्रमुखबाईंनी. आमच्याकडे सोफा, टीव्ही, काही म्हणजे काही उघडं ठेवत नाहीत. ठेवलं तर म्हणतात, या घरात बाई नाही.

"आजी, यंत्राला वारा लागतो! दोघांचा जीव घेतलात!"

"जा गं. तुझा टीव्ही उघडा पडलेला असतो, साऱ्या गावाला ठाऊक आहे," म्हणत आजी समितीच्या बायकांना घेऊन निघून गेली. समिती रुसली म्हणजे शाळा सुटल्यावर यंत्रांवर शिकायला एकही पोर थांबणार नाही. हातात चार दिवस, आणि झाकणांना हात लावायची सोय नाही.

माफी मागणं नसाम्बूच्या रक्तात नाही. मंगळवारी ती आजीच्या अंगणात बसली, दुधाचा चहा प्यायली आणि म्हणाली, "तुमचा तो तुरेवाल्या पक्ष्याचा नमुना मला जमत नाही. पोरींना यंत्रावर टाके मोजून दाखवा."

आजी आली ती भांडायच्या तयारीनंच. नसाम्बूनं पडद्यावर चौकटींचा तक्ता उघडला. एक चौकट, एक टाका. आजी सांगायची, पोरी रंग भरायच्या.

"चुकलीस! उसव!" आजी खेकसली.

पोरीनं दोन बोटांनी दोन कळा दाबल्या. चुकलेली ओळ नाहीशी.

आजी वाकून पडद्याजवळ गेली. उसवता उसवता तिनं किती दोरा वाया घालवला होता! मग सहज तिचा हात शेजारच्या डब्यावर पडला आणि तिनं तो झटकन मागे घेतला. "अगं बाई, ताप आहे याला!" सगळी झाकणं तिनं स्वतः ओढून काढली, वर नसाम्बूलाच झापलं, "आधी सांगायला काय झालं होतं?"

शुक्रवारपर्यंत नसाम्बूनं बंद पडलेले दोन्ही उठवले. माणसं आली तेव्हा पोरी नमुने काढत होत्या, पोरं वर्गाची हजेरी मांडत होती. पाहुण्यांनी विचारलं, "यांना शिकवलं कुणी?"

नसाम्बू तोंड उघडणार, तोच आजी म्हणाली, "मी."

नसाम्बूनं डोळे वटारले. पण पंधराही यंत्रं राहिली, म्हणून तिनं राग गिळला.

हल्ली आजी रोज येते, पहिल्या यंत्रावर बसते आणि उठत नाही. "उठा" म्हणायची नसाम्बूचीही छाती होत नाही. तेव्हा तुमच्याकडे एखादा चालू कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल, तर आमच्या शाळेला द्या.