रस्त्याकडची विटांची भिंत

सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचा भाव आभाळाला टेकला होता. त्या दिवसांत आमच्या गावात कुणाचेच पाय जमिनीला लागत नव्हते. एका गृहस्थाला मी या डोळ्यांनी पाहिलंय. ते शेतात निघाले की गडी पुढं सतरंजी अंथरत जायचा आणि मागची गुंडाळत यायचा. शेतावर पोचेपर्यंत दिवस मावळायचा, मग तशीच सतरंजी अंथरत परत. दुसऱ्या एकानं बैलांच्या शिंगांना अत्तर चोळलं, तर बैल एकमेकांचा वास घेत उभेच राहिले आणि त्याची पेरणी हुकली. खोटं वाटत असेल तर त्या बैलांना विचारा.

आमच्या बाबांनी असलं काही केलं नाही. त्यांनी भिंत बांधली.

गावातली सगळी घरं पांढऱ्या मातीची. आमचंही तसंच. पण अमरावतीला जाणारा गाडीरस्ता आमच्या दारावरून जात होता, आणि रस्त्याकडची ती पश्चिमेची भिंत बाबांना डोळ्यांत खुपू लागली. कौंडण्यपूरच्या जत्रेत त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, "यंदा आमी विटाईचं घर बांधून राहिलो." घर म्हणजे ती एकच भिंत. बाकीच्या तिन्ही भिंती मातीच्याच राहिल्या, कारण त्या रस्त्यावरून दिसत नव्हत्या.

भिंत मात्र अशी लालबुंद उठली, की संध्याकाळी गाडीवानांचे बैल तिला बघून बुजत. अकोल्याचा एक व्यापारी गाडीतून खाली उतरला आणि भिंतीला हात लावून गेला. बाबांनी त्या जागी महिनाभर कुणाला टेकू दिलं नाही. रोज सकाळी ते उपरण्यानं विटा पुसायचे. देवाला इतकं कुणी पुसलं नसेल.

श्रावणात झड लागली. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो आणि समोर जे असेल त्याला बडवतो. समोर भिंत होती. चार दिवस ती ऐटीत भिजली, मग आतल्या बाजूला घाम आल्यासारखे थेंब दिसू लागले. थेंबांच्या धारा झाल्या. आतल्या कोपऱ्यात एक बेडूक येऊन राहिला, आणि तो इतका माजला की आईनं हाकलला तर उलट तिच्यावरच डाफरायचा.

बेडकाचं मला काही नव्हतं. पण त्याच खोलीत माझी बहीण होती. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली.

घरात कोरड्या खोल्या नव्हत्या असं नाही. माजघर कोरडं होतं, मागची खोली कोरडी होती, पण दोन्हींत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. काळ्या मातीच्या रस्त्यात गाड्या रुतायच्या, त्यामुळे पावसाळ्यात कापूस हलत नव्हता; आणि भाव अजून चढेल म्हणून बाबांना तो हलवायचाही नव्हता. उरली ती चूल आणि ही रस्त्याकडची खोली. चुलीपाशी बाज मावत नव्हती.

आईनं तिला ठाऊक होतं ते केलं. मातीच्या भिंतीला ओल आली की आतून पांढरी माती आणि शेण सारवायचं, बाया पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या. तिनंही सारवलं. दुसऱ्या दिवशी ओल वर आली, तिनं पुन्हा सारवलं. विटेतून आलेलं पाणी त्या सारवणात अडकून बसायचं. थरावर थर चढत गेले आणि भिंत आतून गाभण म्हशीसारखी फुगली. एका दुपारी सगळं सारवण एकदम बाजेशेजारी कोसळलं. मागच्या विटांवर हिरवी बुरशी होती.

मग मी चिखल तुडवत अमरावतीला गेलो आणि गवंड्याला घेऊन आलो. हाही त्या सालचा मोठा माणूस! डोईला जरीचा फेटा, आणि फेटा भिजू नये म्हणून मागून छत्री धरणारा एक गडी. त्यानं भिंतीला प्रदक्षिणा घालावी तशी एक फेरी मारली, सांध्यात बोट खुपसलं आणि चिखलाचा गोळा बाहेर काढला.

"भित झक्क हाये बुवा," तो म्हणाला, "पण तिले पाऊस सोसत नाई."

"मंग उन्हाळ्यापुरतीच बांधली होती का बे?" बाबा कडाडले.

"दोन विटाईच्या मधात चिखल हाये. चिखल धुऊन जाते, पाणी आत येते."

"चिखल कोनं भरला? तूच ना?"

"मंग काय करू? चुन्याले गाड्या देता का म्हटलं, तं तुमीच म्हनले, बैल कापसात गुतले." गवंडी जराही लाजला नाही. "आता उघाड पडली का सांधे उकरू, चुना-सुरखी भरू अन् वरून गिलावा मारू. तोवर बाहेरून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्याईचा कुड टेकवा, त्याच्यावर गवत. पाणी भितीले लागूच देऊ नका."

बाबा रस्त्याकडे बघत होते. "म्हंजे वीट दिसनार नाई?"

"कुड लावल्यावर कशी दिसन?"

"रस्त्यावरून काय दिसन मंग? ढोराचा कोठा! लोक थुकतीन माह्यावर."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग कापूस काढा एका खोलीतला. पोरीले तिथं निजवते."

"ओल लागली तं कापूस पिवळा पडते. वर्षाचं पीक हाये ते."

"बरं," आई म्हणाली. "कापसालेच बाजेवर निजवा, त्याले शेक द्या, डिंकाचे लाडू चारा. अन् पोरीले भरा गाडीत, न्या बाजारात."

गवंडी हसला. मीही हसलो. कुड मात्र लागला नाही, आणि कापूसही हलला नाही.

बाळ झडीतच झालं. मुलगा. बाजेखाली शेगडी ठेवली होती, पण तिच्या उबेनं भिंत आणखीच पाझरायची. सगळी खोली धुरानं आणि वाफेनं भरलेली. पाचवीला आईनं पाटा पुजला आणि दार उघडं ठेवलं, सटवाई कुडकुडत परत जाऊ नये म्हणून. बाळ कापसाच्या बोंडाएवढं होतं. ते खोकलं की वाटे, कुणीतरी लांबवर वाळकी काडी मोडतंय.

बहिणीनं एकदाच सांगितलं. बाबा बाहेर ओसरीवर, सपरीत बसले होते, मधलं दार लोटलेलं होतं.

"बाबा, माह्या पाठीले पानी लागून राहिलं."

"उघाड पडन आता, बाई. वारा फिरला."

"लेकराची छाती वाजून राहिली."

"उद्या पाहू."

वारा फिरला नव्हता. बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. आम्ही त्याला पुरून आलो तेव्हाही झड चालूच होती. खड्डा खणता खणता पाण्यानं भरत होता, आणि मला एका हातानं पाणी उपसत राहावं लागलं.

परत येऊन बघतो तर बाबा रस्त्यात उभे. पायांनी पांढरी माती तुडवत होते, शेण कालवत होते. मग त्यांनी हातांनी विटांवर चिखल थापायला सुरुवात केली. पाऊस तो धुऊन काढायचा, ते पुन्हा थापायचे. रस्त्यानं जाणारा एक जण थांबला आणि म्हणाला, "अवो बुवा, पान्यात कायले चिखल लावून राहिले? टिकन का तो?" बाबा थापतच राहिले. आईनं माजघराचं दार उघडलं आणि कापसाचे भारे अंगणात फेकायला सुरुवात केली. पांढरं अंगण बघता बघता पिवळं झालं. तिला कुणी अडवलं नाही.

बहिणीला त्या कोरड्या खोलीत निजवलं. ती भिंतीकडे तोंड करून राहिली.

उघाड पडल्यावर गवंडी आला. सांधे उकरले, चुना भरला, गिलावा केला. भिंत अशी पक्की झाली की पुढं गावात पूर आला असता तर सारं गाव तिच्यावर चढून वाचलं असतं. कापसाचा भाव मात्र उतरला. ती लढाई संपली म्हणे. मागच्या खोलीतला कापूस तसाच राहिला आणि उंदरांनी त्यात वाडे बांधले.

त्या भिंतीतून आजतागायत थेंब आलेला नाही. बहिणीची पुढची बाळंतपणं सासरीच झाली. दिवाळीला यायची, राहायची. आई दर वेळी तिची बाज रस्त्याकडच्या त्याच खोलीत टाकायची, कारण आता घरातली सगळ्यात कोरडी खोली तीच होती. बहीण आत जायची, भिंतीवर तळहात ठेवायची आणि काही वेळ तशीच उभी राहायची. मग बाज उचलून बाहेर सपरीत आणायची. थंडी असली तरी.

बाबा म्हणायचे, "कोरडी हाये, बाई."

ती म्हणायची, "हो बाबा. पाह्यली म्या."